गॅरेजला दिलेली गाडी पावसात खराब झाली, तर भरपाई कोणी द्यायची?

मे महिन्यातली गोष्ट. कोणीतरी मागून ठोकल्यामुळे गाडी डेंटिंग-पेंटिंगला दिली होती. मागची काच काढलेली आणि त्या जागी निळं प्लास्टिक चिकटपट्टीने लावलेलं. कोल्हापुरात वळवाला यायला वेळ लागत नाही. चारला आभाळ भरून आलं आणि सहापर्यंत रस्त्यातून पाणी वाहत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर प्लास्टिक एका कोपऱ्यावर लोंबत होतं. मागच्या सीटचा फोम दाबला की पाणी येत होतं आणि कार्पेट उचललं तर खाली चहाच्या रंगाचं तळं. गॅरेजवाले म्हणाले, "साहेब, पाऊसच असा झाला, त्याला आम्ही तरी काय करणार?" मी काही बोलणार तेवढ्यात शेडकडे नजर गेली. त्यांची स्वतःची स्कूटर आत, भिंतीला लागून, कोरडी ठणठणीत उभी होती.

कायदा नेमकं त्या स्कूटरबद्दलच विचारतो. पाऊस कोणी पाडला हा प्रश्न नसतोच. गॅरेजवाल्याने स्वतःच्या गाडीची जेवढी काळजी घेतली असती तेवढी तुमच्या गाडीची घेतली का, हा प्रश्न असतो. हे सिद्ध करायचं कसं, आणि मुळात ती वेळ येऊ नये म्हणून गाडी देताना काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

कायदा काय म्हणतो

दुरुस्तीसाठी गाडी चावीसकट दुसऱ्याच्या ताब्यात देणं याला भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये 'निक्षेप' म्हणतात. वकील मंडळी सर्रास 'बेलमेंट' म्हणतात. यातली चार-पाच कलमं आपल्या कामाची.

कलम १५१ म्हणतं की वस्तू ताब्यात घेणाऱ्याने तिची काळजी अशी घ्यावी, जशी सर्वसाधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत, तेवढ्याच आकाराच्या, दर्जाच्या आणि किमतीच्या स्वतःच्या वस्तूची घेईल. कलम १५२ गॅरेजवाल्याच्या बाजूचं आहे. एवढी काळजी घेऊनही नुकसान झालं, तर वेगळा करार नसल्यास तो जबाबदार नाही. म्हणजे गॅरेज हे काही विमा कंपनी नव्हे. वीज कोसळली किंवा कधी पाणी न आलेल्या भागात रात्रीतून छातीभर पाणी भरलं, तर त्याला पकडता येणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री मुंबईतल्या एखाद्या गॅरेजवाल्याला 'गाड्या का हलवल्या नाहीत' विचारणं अन्यायच झाला असता.

पण दैवी आपत्ती हा शब्द फार स्वस्त झालाय. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ मध्ये पातळी ५० फुटांच्या वर गेली होती. ज्या आवारात त्या दोन्ही वर्षी पाणी आलं, तिथल्या गॅरेजवाल्याने पुढच्या वेळी पातळी ४१ वर असताना गाड्या तशाच ठेवल्या, तर त्याला आकस्मिक म्हणता येत नाही. पाणी चढायला तास लागतात, गाडी उंचावर न्यायला वीस मिनिटं.

पुरावा कोणी द्यायचा? गाडी चांगल्या स्थितीत दिली आणि खराब होऊन परत मिळाली, एवढं तुम्ही दाखवायचं. आपण नीट काळजी घेतली होती हे दाखवण्याचं ओझं मग गॅरेजवर येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ताजमहाल हॉटेलच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. १९९८ मध्ये दिल्लीत हॉटेलच्या व्हॅले पार्किंगला (चावी घेऊन हॉटेलचाच माणूस गाडी लावतो ती सोय) दिलेली मारुती झेन चोरीला गेली होती. पार्किंगच्या पावतीवर 'मालकाच्या जोखमीवर' असं छापलेलं होतं. न्यायालय म्हणालं, अशा छापील ओळीने हॉटेलला स्वतःचा किंवा नोकरांचा निष्काळजीपणा झाकता येणार नाही. खटला हॉटेलचा असला तरी तत्त्व निक्षेपाचं आहे. जॉबकार्डाच्या, म्हणजे गाडी घेताना गॅरेज देतं त्या कामाच्या कागदाच्या, मागे बारीक अक्षरात 'ओनर्स रिस्क' छापून जो निवांत बसतो, त्याच्यापुढे हा निकाल ठेवता येतो.

माझ्या मते सगळ्यात जोरदार आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं कलम १६१ आहे. गाडी ठरलेल्या वेळी परत द्यायला गॅरेजवाल्याच्या चुकीमुळे उशीर झाला, तर त्या वेळेपासून पुढे जे नुकसान होईल त्याला तो जबाबदार. मग काळजी घेतली की नाही हा वादच उरत नाही. कायद्याच्या पुस्तकांत याचं उदाहरण म्हणून १९१७ चा एक इंग्लिश खटला येतो. बाइंडिंगला दिलेली पुस्तकं मागूनही वेळेत परत दिली नाहीत, मग दुकानाला आग लागली. आग बाइंडरच्या चुकीने लागलेली नव्हती, तरी भरपाई त्यालाच द्यावी लागली. आपल्याकडे याचं रूप रोजचं आहे: 'शनिवारी देतो' म्हणालेला माणूस मंगळवारपर्यंत पेंटरची वाट बघतो आणि सोमवारी रात्री गारा पडतात. म्हणून तारीख लेखी हवी.

हेच उलट्या बाजूनेही लागू पडतं. 'गाडी तयार आहे, घेऊन जा' असा मेसेज येऊन तुम्ही आठवडाभर गेलाच नाहीत, तर कलम १६१ ची मदत मिळत नाही. बिल थकलं असेल तर कलम १७० प्रमाणे त्या कामाच्या पैशांसाठी गाडी अडवून ठेवण्याचा हक्क गॅरेजला आहे. अडवली म्हणून उघड्यावर सोडून द्यायचा हक्क मात्र नाही.

गाडी देताना

आधी चावीचं. निक्षेप होण्यासाठी ताबा खरोखर जावा लागतो. १९३० च्या दशकात मद्रास उच्च न्यायालयात एक मजेदार प्रकरण झालं होतं. एका बाईने सोनाराकडे जुने दागिने मोडून नवे घडवायला दिले. रोज संध्याकाळी ती अर्धवट झालेले दागिने पेटीत घालून कुलूप लावायची, पेटी सोनाराकडेच ठेवायची आणि किल्ली स्वतः न्यायची. दागिने गेले. न्यायालय म्हणालं, ताबा दिलाच नव्हता, मग सोनार कसा जबाबदार? म्हणून रात्री गॅरेजसमोर गाडी लावून 'चावी उद्या देतो' म्हणून घरी जाऊ नका. त्या रात्री फांदी पडली तर तुमच्या हातात काहीच नसतं. गाडी द्यायची तर चावी, जॉबकार्ड आणि सही एकाच वेळी.

जॉबकार्डावर बहुतेकांचं लक्ष फक्त रकमेवर असतं. तिथे किलोमीटर, इंधनाचा काटा, आधीचे ओरखडे आणि परत देण्याची तारीख लिहून घ्या. कोपऱ्यातलं गॅरेज जॉबकार्ड देत नसेल तर तिथेच उभं राहून व्हॉट्सअ‍ॅप करा. मजकूर एवढा पुरे:

"दादा, आज सकाळी १० वाजता गाडी चावीसह तुमच्याकडे दिली. काम: मागचा बंपर आणि डिकी. शनिवारी संध्याकाळी मिळेल असं ठरलं. काच काढलेली असेपर्यंत गाडी शेडमध्ये ठेवायची असं बोलणं झालं. फोटो पाठवतोय."

उत्तरात नुसता अंगठा आला तरी चालतो. लोकांना हे आगाऊपणाचं वाटतं, मलाही वाटायचं. पण ओळखीचा गॅरेजवाला यावर चिडत नाही, उलट शेडमधली जागा तुमच्यासाठी राखून ठेवतो.

चारही बाजू, टप, काचा, डॅशबोर्ड आणि कार्पेट दिसेल असा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. टपाचा फोटो हमखास राहतो आणि गारा टपावरच पडतात. गाडीतली कागदपत्रं, मुलांची दप्तरं बाहेर काढा. आणि गाडीचा जो दोष तुम्हाला माहीत आहे तो सांगून टाका: डाव्या मागच्या दाराची काच बोटभर उघडी राहते, सनरूफचं पाणी जाणारी नळी तुंबते. हे लपवलंत आणि पाणी तिथूनच शिरलं, तर तुमची बाजू लंगडी पडते.

शेवटी जरा नजर फिरवा. ग्राहकांच्या गाड्या रात्री कुठे असतात? शहरातली निम्मी गॅरेजं त्या रस्त्यावर लावतात, गुलमोहराखाली किंवा पर्जन्यवृक्षाखाली. दोन्ही झाडांच्या फांद्या ठिसूळ. पावसाळ्याच्या तोंडावर सावलीचा मोह नको.

हवामानाचा इशारा आला की

हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला आणि गाडी गॅरेजला असेल, तर एक फोन आणि एक मेसेज करा: 'उद्या रेड अलर्ट आहे, गाडी आत घ्या, काचा बंद आहेत का बघा.' सोबत अलर्टचा स्क्रीनशॉट. यामुळे गाडी वाचण्याची शक्यता वाढते. शिवाय 'आम्हाला काय माहीत' हे उत्तर बंद होतं. खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे जोरदार, ११५.६ च्या पुढे अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार पाऊस. दुसऱ्या दिवशी तुमच्या केंद्रावर किती नोंदला गेला तेही जपून ठेवा. कधीकधी आकडा अगदी साधा निघतो आणि 'ढगफुटी झाली' हा दावा आपोआप कोसळतो. आमच्या वळवाचं तेच झालं.

नुकसान दिसलं की पहिला तास

गाडीत पाणी गेलं असेल तर पहिला नियम: इंजिन सुरू करू नका, कोणाला करू देऊ नका. मेकॅनिकचा हात सवयीने चावीकडे जातो. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांचं काम लाखावर जातं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढायला लावा. हलवायची असेल तर फ्लॅटबेडवर. आणि तुमच्या आधीच कोणी सुरू करून बघितली असेल, तर कोणी आणि किती वाजता ते सहज गप्पांत विचारून लिहून ठेवा. तो स्टार्टर हा पावसापासून वेगळा, स्वतंत्र निष्काळजीपणा आहे.

मग फोटो. पाण्याची रेघ दाराच्या आतल्या पॅनेलवर आणि सीटच्या कापडावर उमटते. मोजपट्टी धरून फोटो काढा. पाणी कार्पेटपर्यंत, सीटपर्यंत की डॅशबोर्डपर्यंत, यावर सगळा खर्च ठरतो. फांदी पडली असेल तर ती उचलण्याआधी फोटो घ्या, फांदी आतून पोकळ किंवा किडलेली असेल तर कापलेला भाग जवळून घ्या. झाड बाजूला करायला अग्निशमन दल आलं असेल तर त्यांच्या नोंदीची प्रत अर्ज करून मिळवा. शेडचा पत्रा उडून आदळला असेल तर पत्रा कशाने बांधला होता ते बघा: जे-हुक होते की नुसत्या विटा ठेवलेल्या. आणि इतर गाड्या कुठे होत्या, तोही एक फोटो. गॅरेजवाल्यांची ती कोरडी स्कूटर अशीच फोटोत आली.

गाडी लगेच घरी न्यायची असेल तर गेटपासवर 'गाडी सुस्थितीत मिळाली' याखाली डोळे झाकून सही करू नका. तिथेच हाताने लिहा: 'मागची सीट, कार्पेट पाण्याने भिजलेले, हरकत नोंदवून गाडी घेत आहे.' पोलिसांकडे धावायची गरज सहसा नसते. ते दिवाणी बाब म्हणून परत पाठवतात.

विमा की गॅरेज?

इथे बहुतेकांची घाई होते. तुमच्याकडे फक्त थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता) विमा असेल तर प्रश्नच नाही, गॅरेज हाच एक रस्ता. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर पूर, वादळ, गारपीट, वीज, दरड कोसळणं हे सगळं ओन डॅमेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीत, येतं. गाडी त्या वेळी गॅरेजमध्ये होती हे मात्र क्लेम नोंदवताना खरंखरं सांगा. 'घरासमोर होती' असं सांगण्याचा सल्ला देणारे भेटतात. त्याने क्लेम तर जातोच, गॅरेजविरुद्धची बाजूही जाते.

विम्यातून सगळं मिळत नाही. प्लास्टिक-रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा (जुना झाल्याने घटलेली किंमत) कापला जातो, झीरो डेप म्हणजे घसारा न कापण्याचं जास्तीचं संरक्षण घेतलं नसेल तर. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आणि त्याहून मोठ्या गाडीला २००० रुपये सक्तीची वजावट, म्हणजे तेवढे आपल्या खिशातून. पाण्यात इंजिन सुरू केल्याने झालेलं नुकसान 'परिणामी नुकसान' म्हणून नाकारलं जातं, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं.

आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. समजा ओन डॅमेजचा मूळ हप्ता १०,००० रुपये आहे आणि तुम्ही ४५ टक्क्यांवर आहात. क्लेम केला नसता तर पुढल्या वर्षी ५० टक्के सूट, म्हणजे ५,००० भरले असते. क्लेम केलात की सूट शून्यावर, भरा १०,०००. मग पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशी चढण. हप्ता तोच राहिला असं धरलं तर पाच वर्षांत फरक ५,००० + ३,००० + २,५०० + १,५०० + ५००, म्हणजे १२,५०० रुपये. त्यामुळे बोनस प्रोटेक्ट नसेल आणि नुकसान पंधरा-वीस हजारांचं असेल, तर आधी गॅरेजशी बोलणं शहाणपणाचं. इंजिनपर्यंत पाणी गेलं असेल तर मात्र वेळ घालवू नका, त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा आणि त्यांचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा माणूस) येईपर्यंत काही खोलू देऊ नका.

एक खबरदारी. विमा कंपनीने पैसे दिले की गॅरेजकडून वसुलीचा हक्क तिच्याकडे जातो. म्हणून क्लेम चालू असताना गॅरेजला 'आता काही मागणं नाही' असं लिहून देऊ नका. एकाच नुकसानीचे पैसे दोन्हीकडून घेता येत नाहीत, पण विम्यात न मिळालेला घसारा, वजावट आणि गेलेला बोनस गॅरेजकडे मागता येतो.

बोलणी, नोटीस, आयोग

बहुतेक प्रकरणं काउंटरवरच मिटतात, जर हातात आकडा असेल तर. दुसऱ्या एका गॅरेजकडून दुरुस्तीचं लेखी कोटेशन घ्या आणि मगच बोलायला बसा. रोख पैशांपेक्षा 'हे काम फुकट करा आणि मूळ बिलातून एवढे वजा करा' हे गॅरेजवाल्याला सोपं जातं, त्याचा खर्च आतल्या दराने होतो. मोठं वर्कशॉप असेल तर त्यांच्याकडे ग्राहकांच्या गाड्यांसाठी मोटर ट्रेड विमा आहे का ते विचारा. असला तर चर्चेचा सूर लगेच बदलतो.

नाहीच जमलं तर नोटीस. वकील लागत नाही. स्पीड पोस्टाने पाठवा, पोहोच जपा. गाभा असा:

"मी दिनांक … रोजी माझी गाडी क्र. … चांगल्या स्थितीत, चावीसह आपल्या ताब्यात दुरुस्तीसाठी दिली. दिनांक … रोजी गाडी परत देण्याचे ठरले होते. ती न देता, काच काढलेल्या स्थितीत उघड्यावर ठेवल्याने दिनांक … च्या पावसात खालील नुकसान झाले: … दुरुस्तीचा खर्च रु. … आहे. करार कायद्याच्या कलम १५१ व १६१ नुसार आपण जबाबदार आहात. १५ दिवसांत रक्कम न दिल्यास ग्राहक आयोगात तक्रार करीन."

कलम १६१ तारीख उलटली असेल तरच लिहा. मधल्या काळात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवता येते. ते निकाल देत नाहीत, पण मोठी सर्व्हिस सेंटर्स त्यांच्या फोनला उत्तर देतात.

पुढची पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. गॅरेज साताऱ्यात आणि तुम्ही ठाण्यात असाल तर ठाण्यात. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि दुरुस्तीचं बिल तेवढं क्वचितच असतं. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतं. समोरच्याला उत्तराला ३० दिवस आणि फार तर आणखी १५. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, पण तारखा पडत राहतात, हे धरूनच चाला. फोटो ज्या फोनमध्ये आहेत तो फोन तोपर्यंत विकू नका.

आमचं प्रकरण तिथवर गेलं नाही. मी फोटो दाखवला, शेडमधली स्कूटर बघून मालक जरा हसले आणि म्हणाले, "चहा घ्या." सीट खोलून वाळवणं, नवीन कार्पेट आणि बिलात साडेतीन हजार कमी, असं ठरलं. कागदावर मी एक ओळ जास्त लिहून घेतली: 'पाण्यामुळे वायरिंगमध्ये सहा महिन्यांत बिघाड निघाल्यास दुरुस्ती विनामूल्य.' कार्पेटखालून जाणाऱ्या वायरिंगचे सॉकेट लगेच बंद पडत नाहीत, आधी हिरवे पडतात. गौरी-गणपतीच्या सुमारास मागची पॉवर विंडो बंद पडली. कागद घेऊन गेलो. तासाभरात गाडी परत मिळाली.